बँकेचा वकील, आपला वकील

या वेळच्या टपालात घरकर्जावरची पत्रे बरीच आहेत, आणि बहुतेक सगळ्यांची गाडी 'पॅनेलवरच्या', म्हणजे बँकेने मान्य केलेल्या यादीतल्या वकिलापाशी अडली आहे. सहा पत्रे निवडली आहेत. त्यांतले एक इंग्लंडातल्या घराबद्दल आहे. स्विंडनला कोणी नाही असे घर आता गोव्यातल्या बार्देशात शोधावेच लागेल, म्हणून तेही घेतले.

प्रश्न : डिचोलीत जुने घर आणि भोवतालची ३५० चौरस मीटर जागा घ्यायची आहे. माझे मेहुणे म्हापशाला वकिली करतात, त्यांनी कागद पाहिले आहेत. बँक म्हणते त्यांचा रिपोर्ट चालणार नाही, आमच्या पॅनेलवरचाच वकील हवा. एकाच कामाचे पैसे दोनदा का भरायचे? आणि पॅनेलवरचा कोण घ्यायचा हे आम्हाला ठरवता येते का? — वाचक, डिचोली

काम एक दिसते, पण अशील दोन आहेत. पॅनेलवरच्या वकिलाची फी तुम्ही भरता, पण त्याचा टायटल सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी तपासल्याचा अहवाल, बँकेच्या नावे लिहिलेला असतो. त्याला विचारलेला प्रश्नही बँकेचाच असतो : कर्ज थकले तर ही मालमत्ता विकून आमचे पैसे सुटतील का? रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्केच कर्ज देता येते. उरलेला हिस्सा तुमचा. मालमत्तेत खोट निघाली तर आधी तो हिस्सा बुडतो, बँकेचे पैसे नंतर. स्टँप ड्यूटी आणि नोंदणी फी तर बहुतेक वेळा हिशेबात धरतच नाहीत. म्हणून मेहुण्यांना दिलेले पैसे वाया गेले असे समजू नका. ते तुमच्या बाजूने बघणारे एकमेव डोळे आहेत.

निवडीचे म्हणाल तर ते बँकेवर अवलंबून. काही बँका आपल्या शाखेची किंवा कर्ज-केंद्राची यादी पुढे ठेवतात आणि त्यातून निवडू देतात, काही पाळीपाळीने नेमतात, काही हाउसिंग फायनान्स कंपन्या नावही सांगत नाहीत. अर्ज करायच्या आधी यादी मागा, आणि मेहुणे कोणत्याही बँकेच्या पॅनेलवर आहेत का ते विचारा. असले, तरी त्याच व्यवहारात ते तुमचेही आणि बँकेचेही वकील होणे आम्हाला बरे वाटत नाही. एकाने बँकेला रिपोर्ट द्यावा, दुसऱ्याने तुम्हाला सल्ला.

यादी हाती आली तर मोठ्या नावापेक्षा तालुका बघा. डिचोलीच्या सब-रजिस्ट्रारकडे आणि मामलेदाराकडे ज्याचे रोजचे येणे-जाणे आहे त्याला जुनी पुस्तके कुठल्या कपाटात आहेत हे ठाऊक असते. मग फोन करून थेट विचारा. पोर्तुगीज दस्त तुम्ही स्वतः वाचता की भाषांतर करून घेता? शोध स्वतः घेता की कारकुनाकडून? प्रमाणित प्रती आणि भाषांतराचा खर्च फीत धरलेला आहे का? विकणाऱ्याचे किंवा बिल्डरचे काम तुम्ही पूर्वी केले आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले तर बँकेकडे दुसरा वकील मागा, तोही लेखी. कर्ज नाकारले गेले तरी ही फी परत मिळत नाही, हे धरून चाला.

आणखी एक. रिपोर्टची प्रत मिळावी असे अर्जासोबतच लिहून द्या. कर्ज मंजूर झाल्यावर मागितली की 'ती अंतर्गत असते' हे उत्तर ठरलेले.

प्रश्न : पॅनेलच्या वकिलाने 'टायटल क्लिअर अँड मार्केटेबल' लिहून दिले आहे. ३० वर्षांचे निल एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेटही, म्हणजे बोजा नसल्याचा दाखलाही आहे. एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यावर मात्र विकणाऱ्याच्या आजोबांचे नाव आहे, ते १९८० च्या सुमारास वारले. विकणारा म्हणतो, कुटुंबात कोणाची हरकत नाही. बयाणा देऊ का? — वाचक, फोंडा

थांबा, एक रुपयाही देऊ नका. आधी रिपोर्टचे शेवटचे पान पुन्हा वाचा. 'क्लिअर अँड मार्केटेबल'च्या मागे किंवा पुढे 'सब्जेक्ट टू' असे शब्द असणार, आणि त्यांच्याखाली अटींची यादी : सर्व वारसांनी दस्तावर सह्या करणे, इन्व्हेंटरीचा (कोर्टातून होणाऱ्या वारसा-वाटणीचा) आदेश दाखल करणे, म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावर नावबदल करून घेणे. वकिलाने आपले काम चोख केले आहे. अटी पुऱ्या करण्याचे काम तुमच्यावर टाकले आहे, इतकेच.

आता सह्या मोजू. गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, वारशाने आलेलीसुद्धा, आणि एकाला दुसऱ्याच्या सहीवाचून स्थावर विकता येत नाही. हिंदू असो वा ख्रिस्ती, नियम तोच. समजा आजोबा आणि आजी दोघेही नाहीत, त्यांना चार मुले, मुलगे आणि मुली मिळून, आणि चौघांचीही लग्ने झालेली. चार वारस आणि त्यांचे चार जोडीदार, म्हणजे आठ सह्या. त्यांतले विकणाऱ्याचे वडील वारले आणि मागे तीन विवाहित मुले आहेत असे धरा. एक सही गेली, सहा आल्या. झाल्या तेरा. 'कोणाची हरकत नाही' हे वाक्य या तेरा जणांनी सब-रजिस्ट्रारसमोर म्हणायचे आहे, विकणाऱ्याने नव्हे.

त्यांतली एखादी आत्या पोर्तुगालात असेल तर मुखत्यारपत्र तिचे आणि तिच्या यजमानांचे, दोघांचे लागते. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल केलेले हवे, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टँप भरलेला हवा. तिच्या हिश्शाच्या पैशांवर करही वेगळा कापायचा. ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहाराला लागू होणारा १ टक्का टीडीएस हा निवासी विकणाऱ्यासाठी आहे, अनिवासीला तो चालत नाही. कापणीत चूक झाली तर आयकर खाते घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला धरते.

विकणारा कदाचित 'सक्सेशन डीड' दाखवील. त्यात वारस कोण एवढेच ठरते, कोणाला काय मिळाले ते नाही. वाटणी होते ती इन्व्हेंटरीत. वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीबाबतचा गोव्याचा २०१२ चा कायदा डिसेंबर २०१६ पासून लागू आहे, इन्व्हेंटरी त्याखालीच चालते. ती न करता एकट्या नातवाने विकले, तर तुम्हाला मिळतो तो न वाटलेल्या वारशातला हिस्सा. वर बाकीच्या वारसांना आधी विकत घेण्याचा हक्क असतोच.

निल एन्कम्ब्रन्सवर फार विसंबू नये. बँका कधी १३ वर्षांचे मागतात, कधी ३०. त्यामागे मुदतीच्या कायद्याचा हिशेब आहे : गहाणाची रक्कम वसूल करायला १२ वर्षे, गहाण सोडवून घ्यायला ३०. पण या सर्टिफिकेटात दिसतात ते फक्त नोंदणी झालेले दस्त. मृत्यूने झालेले वारस त्यात नाहीत, कोर्टातला दावा नाही, मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेले कर्जही बऱ्याचदा नाही. या शेवटच्यासाठी सेरसाईच्या (तारण-कर्जांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) संकेतस्थळावर थोड्या शुल्कात कोणालाही शोध घेता येतो, तो स्वतः घ्या. शिवाय १९८० साली वारलेल्या माणसाच्या जमिनीवर तीस वर्षांत एकही दस्त झाला नसेल, तर दाखला निल येणारच. त्यातून काही सिद्ध होत नाही.

नावांचा घोळ वेगळाच. जुन्या दस्तांत सर्व्हे नंबर नसतो, भाटाचे, म्हणजे बागायती जमिनीचे नाव आणि चतुःसीमा असतात. पोर्तुगीज लिहिण्यात 'श'साठी एक्स हे अक्षर. त्यामुळे केपे तालुक्यातले शेल्डे एका पुस्तकात एक्सखाली सापडते आणि दुसऱ्यात एसखाली. भाटांच्या नावांचेही तेच. शोध घेणाऱ्याने एकच स्पेलिंग बघितले की दाखला निल. वकिलाने कोणकोणत्या नावांनी शोधले ते रिपोर्टात लिहिलेले हवे.

मालकीचा जुना पुरावा म्हणजे लँड रजिस्ट्रेशनमधले देस्क्रिसांव आणि इन्स्क्रिसांव. पहिल्यात मालमत्तेचे वर्णन, दुसऱ्यात ती कोणाच्या नावे चढली आणि तिच्यावर काय बोजा आहे ते. मात्रीझ हे कर भरण्याचे पुस्तक, त्याने मालकी मिळत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावरच्या नोंदी उलट पुरावा येईपर्यंत खऱ्या मानल्या जातात, पण तोही मालकीचा दस्त नव्हे. या प्रती विकणाऱ्याने दिलेल्या घेऊ नका. तुमच्या वकिलाने सब-रजिस्ट्रारकडून किंवा पणजीच्या पुराभिलेख खात्यातून नव्याने प्रमाणित करून आणाव्यात. जुन्या दस्तांत फेरफार करून लोकांच्या जमिनी लाटल्याची प्रकरणे बाहेर आल्यावर २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक (एसआयटी) नेमावे लागले, हे विसरू नका.

उताऱ्यावर कुळाचा आणि इतर हक्कांचा रकानाही बघा, आणि जागेवर जाऊन कोण राहते ते पाहा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला, म्हणजे मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याला, घर आणि त्याखालची-भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क आहे, त्याचे नाव उताऱ्यावर असो वा नसो. १९७६ च्या दुरुस्तीने कूळ स्वतःच मालक मानले गेले. जागा भातशेतीची असेल तर २०२३ च्या कायद्याने ती शेतकरी नसलेल्याला सहसा विकता येत नाही. घर बांधायचे असल्यास सर्व्हे नंबरचा झोनिंग दाखला नगरनियोजन खात्याकडून, आणि रूपांतराची सनद. झोन अलीकडे नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली बदललेला असेल तर वकिलाला आवर्जून सांगा. ते बदल उच्च न्यायालयात गेले, त्यांचे नियम न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवले, आणि तुमचा प्लॉट त्यात अडकला आहे का हे बँकेच्या रिपोर्टात सापडेलच असे नाही.

प्रश्न : मडगावला नव्या प्रकल्पात फ्लॅट घेतोय. बिल्डर म्हणतो प्रकल्प चार बँकांनी मंजूर केला आहे, वेगळा वकील कशाला? — वाचक, मडगाव

मंजुरी प्रकल्पाला असते, तुमच्या फ्लॅटला नव्हे. वकिलाने एकदा जमिनीचे कागद पाहिले, कदाचित दोन वर्षांपूर्वी. त्यानंतर बिल्डरने त्याच जमिनीवर बांधकाम-कर्ज घेतले असेल तर तुमच्या फ्लॅटपुरता बोजा सोडल्याचे त्या बँकेचे पत्र लागते. ते करारनाम्यापूर्वी मागा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर गोवा रेराचा (बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाचा) नोंदणी क्रमांक हवा, आणि करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. तयार फ्लॅट असेल तर ऑक्युपन्सी सर्टिफिकेट बघा. घरपट्टीची पावती चालत नाही, बेकायदा घरालाही घरपट्टी लागते.

प्रश्न : मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला आहे. तिथे घर घेतोय. एजंटने एक स्वस्त सॉलिसिटर सुचवला, पण कर्ज देणारी बँक म्हणते तो आमच्या पॅनेलवर नाही. डिपॉझिटचे काही पैसे आम्ही इथून पाठवणार आहोत. काय काळजी घ्यावी? — वाचक, म्हापसा

तिथला मोठा फरक आधी सांगतो. इंग्लंडमध्ये नेहमीच्या घरखरेदीत एकच फर्म घेणाऱ्याचेही काम करते आणि कर्ज देणाऱ्याचेही, म्हणूनच पॅनेलचे एवढे महत्त्व. फर्म पॅनेलवर नसेल तर बँक स्वतःचा दुसरा सॉलिसिटर लावते. त्याची फी मुलाच्या माथी, आणि प्रत्येक कागद दोन टेबलांवरून जाणार. कर्जाच्या ऑफरला मुदत असते, बहुधा तीन ते सहा महिन्यांची. अशा दिरंगाईत ती संपू शकते.

मुलाने पैसे भरण्यापूर्वी फर्मचे नेमके नाव, शाखेचा पत्ता आणि नियामकाचा क्रमांक बँकेला कळवून विचारावे. पॅनेलवर फर्म असते, कधी कधी ठराविक शाखाच. 'आम्ही सगळ्या बँकांचे काम करतो' हे फोनवरचे उत्तर पुरे नाही. सॉलिसिटरवर एसआरएचे नियंत्रण असते, लायसन्स्ड कन्व्हेयन्सरवर सीएलसीचे. दोघेही हे काम करू शकतात आणि दोन्हींच्या याद्या ऑनलाइन आहेत. बऱ्याच बँका सॉलिसिटर फर्मकडे लॉ सोसायटीची सीक्यूएस मान्यता मागतात, आणि एकट्या माणसाच्या फर्मला काही जण घेतच नाहीत. बँकेच्या अटी यूके फायनान्सच्या हँडबुकात असतात : पहिला भाग सगळ्यांना समान, दुसरा बँकेगणिक वेगळा. एजंटला सॉलिसिटरकडून दलाली मिळत असेल तर ती उघड करणे बंधनकारक आहे, आणि त्याने सुचवलेलाच घ्यायची सक्ती नाही.

आता तुमचे पैसे. सॉलिसिटरला ते कोणाचे, कुठून आले ते विचारावेच लागते आणि बँकेला कळवावे लागते. मुलाने हे कळवायला नकार दिला तर सॉलिसिटरला बँकेचे काम सोडावे लागते. तुमचा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, काही महिन्यांची बँक स्टेटमेंट तयार ठेवा. जमीन विकून आलेले पैसे असतील तर विक्रीखत. वर एक सहीचे पत्र : ही भेट आहे, परत मागणार नाही, घरात हिस्सा सांगणार नाही. नंतर तुम्ही तिथेच राहायला जाणार असलात तर तेही आधी सांगा. घरात राहणाऱ्या १७ वर्षांवरील माणसाकडून बँक आपल्या हक्काला प्राधान्य देणारी संमती सही करून घेते.

इथून निवासी माणसाला एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आर्थिक वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि भेटीसाठी वर्षात १० लाख रुपयांवर गेले की बँक टीसीएस हा आगाऊ कर कापते. तो नंतर विवरणपत्रात जुळवून घेता येतो, पण त्या दिवशी तेवढी रोकड जास्त लागते. पैसे आधी मुलाच्या खात्यात पाठवा, आणि दस्तांच्या अदलाबदलीच्या, म्हणजे करार दोघांवर बंधनकारक होण्याच्या, किमान काही आठवडे आधी. करार पक्का झाल्यावर ताब्याच्या दिवशी पैसे वाटेतच असले तर डिपॉझिट धोक्यात येते.

सॉलिसिटरचा खाते क्रमांक बदलल्याचे ईमेल आले तर ते खोटे धरून चाला. पहिल्या पत्रावरच्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे सोडू नका. असे ईमेल शुक्रवारी दुपारी येतात, कारण तो घरे ताब्यात घेण्याचा दिवस आणि पुढे दोन दिवस बँका बंद.

पुढे मुलाने कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेले, म्हणजे रिमॉर्गेज केले, तर 'कायदेशीर काम मोफत' असे आमिष दाखवतात. त्या मोफत कामात पॅनेलची फर्म बहुधा बँकेपुरतीच काम करते. घरावर सुनेचे नाव चढवायचे असेल तर ते काम त्यात नसते, वेगळी फी लागते. त्याच बँकेत नुसता दर बदलून घेतला तर वकील बहुतेक लागतच नाही.

प्रश्न : घरकर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचे आहे, दर अर्धा टक्का कमी मिळतोय. जुन्या बँकेने वकिलाकडून सगळे तपासले होते. नवी बँक पुन्हा फी मागते, हे बरोबर आहे का? — वाचक, पर्वरी

बरोबर आहे. जुना रिपोर्ट जुन्या बँकेच्या नावे होता, नवी बँक त्यावर विसंबू शकत नाही. फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, पण नव्या बँकेची वकील-फी, मूल्यमापन, प्रक्रिया शुल्क आणि तारणाचा स्टँप हे सगळे मिळून वाचणाऱ्या व्याजापेक्षा कमी पडते का ते आधी मांडून बघा. कर्जाची शेवटची पाच-सात वर्षे उरली असतील तर अनेकदा पडत नाही. आधी जुन्याच बँकेकडे दर कमी करून मागा.

हलवायचेच ठरले तर जुन्या बँकेकडून दोन कागद घ्या : फेडीची रक्कम सांगणारे पत्र आणि त्यांच्या ताब्यातल्या मूळ दस्तांची यादी. ही यादी कर्ज घेताना मिळालेल्या पोचपावतीशी पानागणिक ताडून बघा. दस्ताला जोडलेला नकाशा किंवा जुन्या एस्क्रितूरची (पोर्तुगीज दस्ताची) प्रत गायब असल्याचे इथेच कळते, आणि नवी बँक त्याच पानासाठी अडते. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत करणे आणि बोजा काढणे हे १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले असतील तर प्रमाणित प्रतींचा खर्च बँकेचा, आणि त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. सेरसाईवर जुना बोजा निघाला का ते महिन्याभराने स्वतः तपासा. तो तसाच राहिला तर पाच वर्षांनी घर विकताना तुमचेच गिऱ्हाईक बिचकते.

प्रश्न : पॅनेलच्या वकिलाने मुंडकाराची नोंद पाहिलीच नाही. आता दावा लागला. ग्राहक मंचात जाता येईल का? — वाचक, पेडणे

नाही. वकिलाच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. नुसत्या निष्काळजीपणावर फौजदारीही उभी राहत नाही. बँकेला चुकीचा अभिप्राय दिलेल्या पॅनेल-वकिलाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले आहे की, फसवणुकीच्या कटात सामील असल्याचा पुरावा हवा. उरतात दोन वाटा. गैरवर्तन असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार, आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावा. दाव्यात पहिला बचाव हाच येईल की माझा अशील बँक होती, तुम्ही नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टायटल सर्च रिपोर्ट कसा करावा आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याची जबाबदारी काय, याची प्रमाणित चौकट रिझर्व्ह बँकेने आखावी असे सुचवले आहे, पण तुमच्या दाव्याला त्याचा लगेच आधार मिळणार नाही.

बँकेलाही लेखी कळवा. चुकलेले वकील आणि मूल्यमापक यांची नावे बँका इंडियन बँक्स असोसिएशनच्या सावधगिरीच्या यादीसाठी पाठवू शकतात. आणि विक्रीखत काढून विकणाऱ्याने दिलेल्या हमीचे कलम बघा. 'मालमत्तेवर मुंडकार वा कूळ नाही, निघाल्यास नुकसान भरून देऊ' असे वाक्य त्यात असेल तर दावा आधी विकणाऱ्यावर लावा. तिथे वसुलीची आशा जास्त. मुंडकाराशी बोलणीही बंद करू नका. त्याच्या घराभोवतीची जागा मामलेदाराकडून आखून वेगळी झाली की उरलेली तरी तुम्हाला वापरता येते.